मागे सरकणारा जिंकतो

४ मार्च
आजपासून जागतिक रस्सीखेच महासंघ मुळापासून सुधारायचा. देशाचा प्रतिनिधी आहे मी तिथे, शोभेचा बाहुला नव्हे! जागतिक स्पर्धेत कोणत्या संघाला प्रवेश द्यायचा हे आजवर हात वर करून ठरत आलंय, आणि अध्यक्ष स्वतः पेन्सिल रोखून हात मोजतात. पेन्सिल वळली की भल्याभल्यांचे हात खाली. आपल्या बायकांच्या संघाला असं दोनदा नाकारलं. कॅप्टन माझी सख्खी भाची. आता बास. गुप्त मतदानाचा ठराव मीच मांडणार. कुणाच्या बापाला भीत नाही.

५ मार्च
ठराव टाइप करून पाठवला. बायकोने विचारलं, सही अशी वाकडीतिकडी का? म्हटलं, पंखा फुल होता.

९ मार्च
भाचीचा फोन. यंदाही नाकारलं तर अर्ध्या मुली खेळ सोडतील म्हणाली. म्हटलं, तुझा मामा अजून जिवंत आहे. म्हणाली, तेच बघायचंय.

११ मार्च
क्रीडा मंत्रालयातून सचिवसाहेब आले. सुधारणा जरूर करा म्हणाले, पण पुढची जागतिक स्पर्धा आपल्याला मिळतेय, अध्यक्ष दुखावता कामा नयेत, राष्ट्रहित बघा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पण मी डगमगलो नाही. फक्त महासंघाला कळवून ठरावातला ‘तात्काळ’ हा शब्द काढून टाकला.

१४ मार्च, हॉटेल
महासंघाच्या सभेसाठी आलोय. लिफ्टमध्ये अध्यक्ष. दोघंच. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ठराव वाचला, तुमचं अक्षर सुंदर आहे. ठराव टाइप केलेला होता. माझा मजला पाचवा. त्यांच्याबरोबर दहाव्यापर्यंत गेलो, शिष्टाचार म्हणून. खांदा अजून गार आहे.

१५ मार्च, जेवणानंतर
पाठिंबा वाढतोय! निम्मे प्रतिनिधी येऊन सांगून गेले. सगळे बाथरूममध्ये, नळ सोडून, कुजबुजत. लाट आहे, लाट. खोलीला आतून कडी घातली, दाराला खुर्ची टेकवली. वारा फार आहे.

१६ मार्च, सकाळ
आत्ता कळलं, गुप्त मतदान असावं की नसावं, हेसुद्धा हात वर करूनच ठरणार. नियमच तसा आहे. माझ्या आधी लक्षात कसं आलं नाही? असो. मांडणारा मी. एक हात तरी पक्का.

१६ मार्च, संध्याकाळ
बाजूने शून्य.
अध्यक्षांनी विचारलं, कोण कोण बाजूने? पेन्सिल फिरू लागली आणि नेमकी माझ्या बुटाची नाडी सुटली. टेबलाखाली वाकलो. तिथे आणखी चार प्रतिनिधी भेटले. वर आलो तोवर मोजून झालं होतं.
याला माघार म्हणत नाहीत. रस्सीखेचीत मागे सरकणाराच जिंकतो. आणि जिंकलोच की! पुढची स्पर्धा आपल्या देशात. शिवाय अध्यक्षांनी मला सुधारणा समितीचा प्रमुख नेमलं. बायकांच्या संघाला तेवढा प्रवेश नाही.

१८ मार्च, घरी
सचिवसाहेबांचं अभिनंदन आलं. बायकोने चहा एकटीपुरताच केला. भाचीला बोलावून सगळं समजावलं. उद्घाटनाची फीत धरायला तुलाच उभी करतो म्हटलं. मागे सरकण्याचं तत्त्वही सांगितलं.
ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, मामा, मागे सरकणारा जिंकतो हे खरं, पण दोरी हातात धरून.
काय अचूक बोलली! खेळ फार खोलवर कळतो पोरीला. तिच्या संघाला प्रवेश द्यायलाच हवा होता.