सावडीला आलेली मॅडम

पिंपळबारी, ता. बागलाण, जि. नाशिक

ति. लंकाआत्यास तेजस्विनीचा साष्टांग नमस्कार.

आत्या, एखादी बाई रविवारी दिवसभर शाळेच्या मैदानातले दगड वेचायला आली, तर तिच्या शेतात किती वाफे कांदा लावून दिला म्हणजे फिटंफाट होते? मी गणिताची पदवीधर आहे, आपल्या घरातली पहिली, आणि बाबांनी माझे प्रमाणपत्र देवळाली कॅम्पातल्या दुकानात शिलाईच्या दरपत्रकाशेजारी टांगले आहे. तरी मला याचे उत्तर येत नाही, हे आधीच कबूल करते. तुम्हालाही येईल असे नाही, कारण तुम्ही पैठणी विणता. पण हा प्रश्न विचारल्याशिवाय मला पुढचे काही लिहवेना.

तुम्ही सगळे खुशाल असाल. मामांचा खोकला थांबला का? मागावरची मोरपंखी पैठणी उतरली का? माझी प्रकृती उत्तम आहे. (बसले की उठवत नाही आणि उठले की बसवत नाही, एवढेच. कारण पुढे येईल.) परवा फोनवर तुम्ही नवी शाळा कशी आहे असे विचारलेत आणि मी "छान आहे" म्हणून फोन ठेवला. ते उत्तर खरे होते, पण अपुरे होते.

शाळा दहावीपर्यंत आहे. इथे मुलांचे क्रिकेट मंडळ आहे, विज्ञान मंडळ आहे (त्याच्याकडे एक दुर्बीण आणि तिच्या भिंगावर हक्क सांगणारे दोन गट आहेत), पण मुलींचे काहीच नव्हते. मुलींना शाळा सुटल्यावर घरी जाणे हाच एक उपक्रम. म्हणून मी रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात मुलींचे खो-खो मंडळ काढले. मुली पळतात चांगल्या, पण मैदानात दगड, बाभळीचे काटे आणि गाजरगवत इतके होते की खो मिळालेली मुलगी आधी खाली बघायची आणि मग उठायची. आमचे मुख्याध्यापक रविराज सर म्हणाले की यासाठीच तर पालक-शिक्षक संघ असतो, त्यांची सभा घ्या. संघाचे अध्यक्ष सावळीराम आप्पा आहेत. त्यांचा धाकटा नातूसुद्धा शाळा सोडून एव्हाना फौजेत लागला, पण आप्पांना उतरा असे कोणी म्हटले नाही आणि तेही आपणहून उतरले नाहीत.

सभेत मी श्रमदान या विषयावर भाषण केले. निःस्वार्थ सेवा, समाजाचे ऋण, उद्याची पिढी, सगळे त्यात होते. भाषण मी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिले होते. माणसे शांतपणे ऐकत होती. शेवटी आप्पांनी उठून त्याचा सारांश सांगितला, "मॅडमले मैदान साफ करनं शे. रविवारे या." आणि सभा संपली.

रविवारी आया आल्या. (बाप दोन आले आणि त्यांनी झाडाखालून कोणता दगड कुठे टाकावा ते सांगितले.) बायकांनी आपापल्या घरून पाट्या, कुदळी आणि विळे आणले होते. मला वाटले होते हे काम चार रविवार चालेल. दुपारची भाकर खाऊन झाली आणि त्यानंतर चहाच्या आत मैदान तळहातासारखे स्वच्छ झाले. माझे मन भरून आले. मी प्रत्येकीला आभारपत्र दिले, सुंदर अक्षरात, शाळेचा शिक्का मारून. त्यांनी ते अदबीने घेतले. त्यांच्यातल्या गोजराबाईंनी त्यात उरलेला ठेचा बांधला आणि निघताना फाटकापाशी मला विचारले, "मंग तू कव्हय येशी?"

म्हणजे तू कधी येणार. मला वाटले, जेवायला बोलावताहेत. मी म्हणाले, तुम्ही बोलवाल तेव्हा येईन. हे मी गोजराबाईंना म्हणाले, मग त्यांच्या मागच्या बाईला म्हणाले, आणि असे करत फाटकातून बाहेर पडणाऱ्या सगळ्या आयांना म्हणाले. एवढ्या घरी जेवायचे म्हणजे वर्ष सुखाचे जाईल असा विचार करत मी खोलीवर आले.

आत्या, इथे सावड नावाची रीत आहे. आज तुम्ही माझ्या शेतात राबायचे, उद्या मी तुमच्या. त्यात मजुरी नसते, आभार नसतात आणि भाषण तर मुळीच नसते. मी ज्याला श्रमदान म्हणत होते ते सगळ्या गावाने सावड म्हणून ऐकले होते, आणि मी सगळ्यांदेखत, एकेकीच्या डोळ्यात बघून, शब्द दिला होता. त्यात उन्हाळ कांद्याच्या लागवडीचे दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराबाई मला न्यायला शाळेत हजर झाल्या. रविराज सरांनी रजेचे नियम काढून पाहिले. त्यात लग्न आहे, आजार आहे, सावड नाही. शेवटी शनिवारी दुपारी मी गेले.

कांदा कसा लावतात ते मला पुस्तकातून माहीत होते. दोन रोपांत किती अंतर हवे हेही माहीत होते आणि त्यासाठी मी पट्टी नेली होती. बायका चिखलात उकिडव्या बसून अंगठ्याने रोप दाबत अशा सरकतात की जणू वाफाच मागे सरकतो आहे. मी मोजत होते. थोड्या वेळाने एकीने विचारले, "मॅडम, कांदा लावी राह्यनी का रांगोळी काढी राह्यनी?" बाकीच्या हसल्या नाहीत, त्या माझ्या मागून येऊन माझी रोपे पुन्हा लावत होत्या आणि तेव्हा तोंड बंद ठेवणे त्यांना बरे वाटले असावे. संध्याकाळी बांधावर माझ्या कामाची किंमत ठरली. माझा अर्धा दिवस गोजराबाईंच्या मुलीच्या, योगिनीच्या, दोन घटका कामाबरोबर धरावा असे ठरले आणि एकीला तेही जास्त वाटले.

ही योगिनी माझ्या नववीच्या वर्गात आहे आणि आमच्या संघात खांबाशी झेपावून गडी टिपणारी ती एकटीच आहे. त्या दिवशी ती माझ्या शेजारी कांदा लावत होती. माझ्या वर्गातल्या आणखी कितीतरी जणी त्याच शिवारात होत्या. लागवडीत मुलींचे बाक रिकामे का पडतात ते मला तिथे चिखलात बसून कळले, आणि सोमवारी घरोघर जाऊन शिक्षणाचे महत्त्व सांगायचे मी ठरवूनही टाकले. पण गोजराबाईंना मी ते बांधावरच सांगायला लागले तेव्हा त्यांनी हातातली रोपांची जुडी खाली ठेवली.

"पोर खेळाले जाई," त्या म्हणाल्या. "पण तिनी जागा रिकामी ऱ्हावाले नको."

मला हे एकदम पटले. इतके दिवस मी लोकांच्या मनात बदल घडवायला बघत होते आणि त्यांना फक्त एक माणूस हवे होते. मग आम्ही तसेच केले. मुलगी सरावाला, तिच्या जागी माणूस. रविवारी शिक्षक जाऊ लागले. रविराज सर पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, रुमाल अंथरून बसले. रुमाल चिखलात गेला, पण सर आता बरे लावतात आणि शिक्षकांच्या बैठकीत रोपाच्या मुळ्यांवर बोलतात. क्रिकेट मंडळाला साफ मैदान हवे होते, त्यांना सांगितले की ज्याने बहिणीच्या जागी वाफा लावला त्यालाच फलंदाजी. गावातल्या बऱ्याच आयांना त्या आठवड्यात कळले की आपल्या मुलाला हात आहेत. एका आईने तर शाळेत येऊन विचारले की हे आम्ही कसे शिकवले.

आता बहुतेक मुली वर्गात आहेत आणि संध्याकाळी सरावाला आहेत. येत्या सोमवारी सटाण्याला तालुक्याचा सामना आहे. मैदानात नऊ जणी लागतात आणि योगिनीला धरून आमच्याकडे नेमक्या नऊच आहेत. ती नसेल तर आम्हाला उतरूच देणार नाहीत. नेमकी त्याच दिवशी गोजराबाईंकडे पंपाला दिवसाची वीज आहे, म्हणजे वाफे भिजवून लागवड त्याच दिवशी, आणि उपटलेले रोप काही सामन्यासाठी थांबत नाही. योगिनीला भाऊ नाही. मी आणि सर संघाबरोबर जाणार. गावातले बाकीचे हात आपापल्या वाफ्यात. पण आत्या, ही माझी अडचण आहे. मी घेतलेले काम आहे आणि त्यासाठी घरच्या कोणाला त्रास द्यावा असे माझ्या मनातही येणार नाही. तुम्ही काळजी करू नका.

मामांना नमस्कार. योगेशला अभ्यास कर म्हणावे.

तुमची,
तेजस्विनी

ता. क. येवल्याहून मनमाडला यायचे आणि तिथून सटाण्याची एसटी धरायची. हे सहज लिहिले.

ता. क. दुसरा. येताना जुनी नऊवार आणावी, चिखल निघत नाही. माझ्या खोलीत दोघींची झोपायची सोय होते. गोजराबाईंना मी तुमच्याबद्दल सांगितले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा नाक मुरडले (माझ्या घरची बाई म्हटल्यावर ते साहजिक आहे), पण तुम्ही पैठणी विणता हे ऐकल्यावर म्हणाल्या की मग हात हलका असेल, चालेल. हे मी फोनवर विचारले नाही, कारण फोनवर तुम्हाला लगेच नाही म्हणता आले असते.

ता. क. तिसरा. तुमच्या वतीने मी गोजराबाईंना शब्द देऊन टाकला आहे, आणि त्या भरवशावर योगिनी कालपासून सरावाला येते आहे.