समुद्रतळाचे दोनशे बारा संशयित

३ मार्च, सकाळी ९
नौदलाच्या सरावाची योजना माझ्याकडे! चार दिवसांत बंदराच्या वाटेतले नकली पाणसुरुंग शोधायचे, पाचव्या दिवशी मालवाहू जहाज सुखरूप बाहेर काढायचं. साहेब महिनाअखेर निवृत्त होतायत. सराव पार पडला की खुर्ची माझी. घरी सांगून टाकलं.

४ मार्च
सर्व्हेवाल्या बाईंनी समुद्रतळावरच्या जुन्या वस्तूंची यादी पाठवली. नांगर, साखळ्या, बॉयलर, एक फ्रिज. एकूण २१२. म्हणे, या आम्ही आधीच तपासल्यात, त्या सोडा, नवीन दिसेल तेवढंच बघा. न मागता कोणी कोणाचं काम कमी करतं? त्यातून साहेबांच्या खुर्चीसाठी त्यांचंही नाव आहे. कुठेतरी पाणी मुरतंय.

५ मार्च
समुद्रात फ्रिज कोण टाकेल? सुरुंग दडवायला याहून सोयीची वस्तू नाही. निर्णय: आधी सगळ्या २१२ तपासायच्या. बायको म्हणाली, तुम्ही गॅसचं बटणही चारदा बघता. म्हटलं, म्हणूनच घर जागेवर आहे. हा विषय आजच कसा काढला तिने?

१० मार्च, सराव सुरू
३४ वस्तू झाल्या. सगळं भंगार. पाणबुड्यांचा म्होरक्या म्हणाला, सोनार यंत्राच्या पडद्यावर सात नवे ठिपके दिसतायत, उतरू का? म्हटलं, ते आपलं लक्ष उडवायला टाकलेत. तो गप्प बसला. जरा लवकरच गप्प बसला.

११ मार्च
७१. बाईंचा फोन. सर, वेळ चाललाय, मदतीला माणसं पाठवू का? एवढा गोड आवाज! योजनेच्या कपाटाला दुसरं कुलूप लावलं.

१२ मार्च
७२. दिवसभर फ्रिज. क्रेनने वर घेतला. सगळ्यांना लांब उभं करून दार उघडवलं. आत एक खेकडा. सुरुंग आधीच हलवला असणार.

१३ मार्च, संध्याकाळी ५
११८. उरलेलंही भंगारच असणार, एवढा विश्वास टाकायला हरकत नाही. सात ठिपक्यांबद्दल बाईंचं पाकीट आलंय, सराव संपल्यावर उघडू. ‘वाट मोकळी’ असं साहेबांना लिहून दिलं. उद्या जहाजावर मी स्वतः जाणार.

१४ मार्च
९.४० ला निघालो. ९.५२ ला सरावाच्या पंचांनी शिट्टी फुंकली. सातातल्या पहिल्याच ठिपक्यावर जहाज बुडालं म्हणे. माझ्या छातीवर लाल चिठ्ठी चिकटवली. मेलेल्यांनी बोलायचं नाही असा नियम आहे. मी बोललो, तर दुसरी चिकटवली. पंच कोणाच्या ओळखीचे आहेत ते बघायला हवं.

१७ मार्च
खुर्ची बाईंना मिळाली. चेहरा बघायला म्हणून अभिनंदन करायला गेलो. त्या उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, सर, तुम्ही निम्मी यादी पुन्हा तपासून दिलीत, आमच्या सर्व्हेतल्या मुलांचं काम अचूक ठरलं, आभार. मग स्वतःच्या हाताने मला चहा ओतून दिला.

या बोलण्यात काय दडलंय ते दिवसभर शोधलं. काहीच नाही. मनापासून बोलल्या. फार वाईट वाटतंय.