फक्त उजवी बाजू

गुलबर्गा,
शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०२४

चि. चन्नवीर यास,

हेमाक्काचा आशीर्वाद आणि शरणु. तू, सौ. दानेश्वरी आणि लेकरं खुशाल असाल.

इकडे मी बरी आहे. घसा दुखतो म्हणून कागद घेतला. गेला महिनाभर फोनवर तू एकटाच बोलतोयस आणि मी नुसते हुंकार देतेय. जन्मात तुला अशी संधी मिळाली नव्हती. पत्र मुद्दाम पोस्टाने पाठवतेय. फोटो काढून पाठवलं असतं तर वाचून व्हायच्या आत तू उत्तर ठोकलं असतंस.

मी उपचाराला इकडे असेपर्यंत कमलनगरची आपली खानावळ शांतम्मा सांभाळतेय. तिच्या भाकऱ्या माझ्यापेक्षा पातळ होतात, पण हे तिला कळवू नकोस. झुणक्यात मीठ जास्त पडतं अशी बसच्या ड्रायव्हरांची तक्रार आहे. तरी दुसऱ्यांदा मागून खातात मेले.

तू एक तारखेला गाडी घेऊन येणार, मला पुण्याला नेणार आणि मानेच्या दोन्ही बाजूंना रेडिएशन द्यायला लावणार, असं परस्पर ठरवलंस. "अक्का, अर्ध्याच मानेला शेक कामून घ्यायलीस? होऊन जाऊ दे की दोन्हीकडं!" घराला रंग देताना म्हणावं तसं म्हणालास.

एवढ्यावर थांबला असतास तर मी गप्प बसले असते. पण दिवाळीच्या आधी तू माझ्या पाठीमागे इथल्या डॉक्टर सौम्याबाईंना फोन करून "अक्का तयार हाय" असं सांगितलंस. तोंडावर बसवायचा जाळीचा मुखवटा करायला मला झोपवलं होतं, गळ्यातलं इष्टलिंग दंडाला बांधलं होतं, आणि तेवढ्यात बाई येऊन विचारतात, भाऊ म्हणाले दोन्ही बाजू करायच्या, खरं का? मी उठून बसले. बोलताना कानापर्यंत कळ गेली, तरी बोलले.

"मान माझी हाय बाई. चन्नवीरची न्हाई."

त्यांनी खुर्ची ओढली आणि सगळं पुन्हा समजावलं. गाठ लहान आहे, उजव्या टॉन्सिलमध्येच आहे, मधल्या रेषेपासून लांब आहे. मानेतली बारकी गाठही उजवीकडेच. अशा दुखण्यात एक बाजू पुरते आणि डावीकडच्या लाळेच्या ग्रंथी वाचतात. आपल्या अप्पांची गाठ जिभेच्या मुळाशी मधोमध होती, त्यांना दोन्ही बाजू करणं भागच होतं. हेही मी विचारून घेतलं, कारण तुझ्या प्रत्येक वाक्यात अप्पा येतात. "दोन्हीकडं केलं म्हणून बारा वर्षं जगले." जगले रे. तू हॉस्टेलवर होतास, सुट्टीला यायचास आणि ते तुला हिंडताफिरताना दिसायचे. पंगतीत बसायचे बंद झाले होते ते तू पाहिलं नाहीस. भाकरी ताकात कुस्करून, भिंतीकडे तोंड करून खायचे. ठसका लागला तर कुणी बघू नये म्हणून. माझ्यासमोरसुद्धा लाजायचे.

मग तू म्हणालास, "तू तर चव न बघताच रांधतीस अक्का, तोंड कोरडं पडलं तर खानावळीचं काय बिघडतंय?" बरोबर आहे. लिंगाला दाखवल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, ही आपल्या अव्वाने लहानपणी लावलेली शिस्त. मीठ मी हातावर ओळखते, फोडणी वासावर. खानावळीचं काही म्हणता काही बिघडणार नाही. पण चन्नू, दुपारी शेवटचं गिऱ्हाईक उठलं की मी माझं ताट वाढून घेते. गरम भाकरी, शेंगाचटणी, वर दही. उभा जन्म दुसऱ्यांना वाढण्यात गेला, तो घास मात्र माझा असतो. तो मला हवाय. गिऱ्हाइकांसाठी नाही, पोराबाळांसाठी नाही, माझ्यासाठी. याची मला काडीची लाज वाटत नाही.

आता खरं काय ते लिहिते. दिवाळीनंतरच्या सोमवारी मीच संमतीच्या कागदावर सही केली आणि शेक सुरू झाला. फक्त उजवीकडून. "कधी सुरू करणार?" असं तू विचारत होतास आणि मी हुंकार देत होते, तेव्हा कातडी काळी पडायला लागलीसुद्धा होती. तोंडात फोड आलेत, पाणी गिळताना डोळ्यांत पाणी येतं. पण हे मधेच सोडता येत नाही, तेव्हा गाडी आणलीस तर रिकामी परत जाईल.

आणखी एक. शंभरातल्या दोघातिघांना पुढे दुसऱ्या बाजूलाही उठतं, हे बाईंनी लपवलं नाही. अंघोळ करताना मी रोज डावी बाजू चाचपते. भीती वाटते मला. फार वाटते. पण भीतीपोटी चांगली बाजू भाजून घेणार नाही.

आणि तसं झालंच, तर मला पुण्याला ने, मुंबईला ने, म्हणशील तिथे येईन. फक्त "मी सांगितलं होतं" एवढं म्हणू नकोस. ते ऐकायची ताकद माझ्यात नाही. बाकी सगळ्याला मी पुरून उरेन.

तुला न विचारता, तरी तुझीच,
हेमाक्का