बरणीचं झाकण

३ मार्च, सकाळ
आज सव्वानऊला दाराची बेल वाजली आणि माझ्या आयुष्याचे दोन तुकडे झाले. बेलच्या आधीचा आणि बेलनंतरचा.
दारात ती. मागच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरची मुलगी. हातात टोपली, टोपलीत लिंबं. म्हणाली, "वहिनी आहेत का?" हुशार मुलगी. घरात आणखी कोण आहे, याचा आधी अंदाज घेतला. म्हटलं, अंघोळीला गेलीय. तेव्हा कुठे टोपली माझ्या हातात दिली. बोट लागलं. तिचं, माझ्या अंगठ्याला. मुद्दाम. म्हणाली, झाडाला खूप लागलीत, त्यांना सांगा, एकही वाया घालवू नका.
'त्यांना सांगा' हे शेजाऱ्यांच्या कानांसाठी. मला कळायचं ते कळलं.
कॉलेज सोडल्यापासून बाबा जगभर सांगतात की हा कुठलीच गोष्ट तडीस नेत नाही. तिच्याही कानावर गेलं असणार. ही परीक्षा आहे.
निश्चय : एकही लिंबू वाया जाणार नाही. सगळं माझ्या हाताने. मग टोपली परत द्यायला जाईन आणि बोलेन. काय ते.

३ मार्च, दुपार
प्लॅन तयार. काहींची साल किसून वाळवायची, मग रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचा. पिळलेल्या फोडींनी सिंक घासायचं. काही मिठात, बरणीत. उरलेली ताजीच ठेवायची.
वहिनी म्हणाली, भावोजी, उरलेली पिशवीत बंद करून फ्रीजमध्ये टाका, महिनाभर टिकतात, द्या, मी ठेवते. हिला एवढी घाई का? फ्रीज काय, सगळ्यांचा असतो. माझ्या कपाटात ठेवली, शर्टांच्या मागे. कुलूप लावलं.

५ मार्च
किसणीवर बोट सोललं. त्यावर रस. ओरडलो नाही. (बाबांच्या मते ओरडलो.) ट्रे भरून ठेवला.
दुपारी फार उकडत होतं. ग्लासात दोन खडे टाकून पाणी प्यायलो. तिच्या आठवणीने आणखी एक ग्लास. मग अजून एक.

६ मार्च
ट्रे अर्धा रिकामा! चोर घरातलाच.
बाबांना सरळ विचारलं. म्हणाले, गाढवा, मला आंबट चालतं का कधी? छातीत जळजळ होते, तुझ्या जन्मापासून. बहाणा किती वर्षं आधीपासून तयार करून ठेवलाय बघा.

७ मार्च
घात! कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याच्या काउंटरवर लिंबू!
आत शिरलो. संशय येऊ नये म्हणून डोळे तपासून घेतले. सहज विचारल्यासारखं विचारलं, लिंबू कुठलं हो? म्हणाला, डॉक्टरांच्या मुलीने दिली टोपलीभर, अख्ख्या गल्लीला वाटतेय, फांद्या मोडायला आल्यात. अख्ख्या गल्लीला म्हणे! स्वतःचं लपवायला माणूस किती जणांना मध्ये ओढतो. पण त्याची लिंबं हिरवट. माझी पिवळीधमक. यावरून समजायचं ते समजलो.
डोळे उत्तम निघाले. मला सगळं स्वच्छ दिसतं, हे त्याच्याच तोंडून वदवून आलो.

८ मार्च
बरणी भरली. लिंबांना चिरा, चिरांत मीठ ठासून, वर रस. आता तीन आठवडे झाकणाला हात लावायचा नाही. लावणारही नाही. इतरांचं सांगता येत नाही, म्हणून झाकणाच्या कडेला डोक्यावरचा एक केस चिकटवून ठेवला. केस हलला की चोर सापडला.

९ मार्च
केस गायब. बरणी उघडून तपासली. बोटाने एकेक लिंबू हलवलं. सगळी हजर. बोट आधी नळाखाली धुतलं होतं, मी काही अडाणी नाही. नवा केस लावला.

१० मार्च
केस गायब. उघडली. धुतलं. तपासली.

११ मार्च
तेच. वहिनी म्हणाली, भावोजी, पंखा बंद करून बघा, केस जागेवर राहील. पंख्याचा काय संबंध? आणि केसाचं हिला कसं कळलं?
यापुढे दिवसातून दोनदा तपासणी.

१४ मार्च
कपाट उघडलं. लिंबं मऊ पडलेली, बऱ्याच जणांना हिरवी बुरशी. शर्टांनाही. म्हणजे कुणीतरी कुलपातून चांगली काढून सडकी ठेवली!
तडक फ्रीज उघडला. खालच्या कप्प्यात पिशवी, पिशवीत टवटवीत लिंबं. रंगेहाथ! वहिनीला विचारलं, ही कुणाची? म्हणाली, तुमचीच. पहिल्याच दिवशी तुमची पाठ वळल्यावर ओंजळभर काढून ठेवली, म्हटलं या घरात निदान चार तरी जगू देत.
मी आवाज चढवला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणालो. बाबा म्हणाले, कॉलेज नासवून झालं, आता लिंबं नासव.
वहिनीशी बोलणं बंद. जेवणापुरतं चालू.

२९ मार्च, दुपार
आज तीन आठवडे पूर्ण. दाढी केली. त्यातल्या त्यात बरा शर्ट घातला. टोपली कुठेच सापडेना. हीही चोरी. बरणी घेऊन तसाच गेलो. भाषण पाठ होतं.
दार तिनेच उघडलं. माझ्याकडे बघितलं, बरणीकडे बघितलं. म्हणाली, दात दाखवायचाय का? दवाखाना पाचला उघडतो.
मी म्हटलं, लिंबं. ती म्हणाली, कुठली? मग वहिनीचं सांगावं लागलं. अय्या, तुम्ही त्यांचे दीर होय! टोपली तर त्यांनी कधीच पाठवली, आत वाळलेल्या सालींची पूड होती, आमच्या बाबांना इतकी आवडली! कशा हो त्या, काही म्हणून वाया घालवत नाहीत.
मी बरणी पुढे केली. तिने झाकण उघडलं. वर पांढरा मऊ थर. तिने विचारलं, मध्येमध्ये ओला हात घालत होतात का? म्हटलं, राखण करत होतो.
हसली. फार छान हसते. आतून वडिलांना बोलावून दाखवलं. तेही हसले. दोघांचे दात चांगले आहेत.
भाषण झालं नाही.

२९ मार्च, संध्याकाळ
बरणी रिकामी केली. वहिनीने एका शब्दाने विचारलं नाही. संशयास्पद.
मग कणीक मळता मळता म्हणाली, भावोजी, ती बरणी गरम पाण्याने धुवा, उद्या उन्हात खडखडीत वाळवा. पिशवीतली लिंबं आहेत अजून, पुन्हा घालू. मीठ तेवढं संपवून ठेवलंत तुम्ही, ते घेऊन या.
'घालू' म्हणाली. एवढं गोड का बोलते, यावर बराच वेळ विचार केला. काही सापडलं नाही.
बरणी धुऊन पालथी घातलीय. मीठ आणायला निघालोय. दार ओढून घेतो. नीट लागलं का, ते बघायला परत उघडणार नाही.