बसवंतची माफी

६ जानेवारी, सोमवार

बनशंकरीतलं काम घेतलं. लिफ्टची देखभाल करणारी छोटी कंपनी. मालक श्रीधरराव, तीन पिढ्या इथलेच मराठी. चार वर्षं या शहरात मी आयटीवाल्यांच्या टीम्सना कोचिंग देतेय. तिथे फार तर कुणाचं मन दुखावलेलं असतं. इथे माणूस चिरडलाय.

नोव्हेंबरात मल्लेश्वरमच्या एका इमारतीत संतोषकुमार लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरून काम करत होता. वर पॅनेलपाशी बसवंत. खालून आवाज आल्याशिवाय लिफ्ट चालू करायची नाही, हा नियम. बसवंतने चालू केली. संतोषकुमार वाचला, पण कंबर मोडली, डोक्याला मार बसला. त्या सकाळचं त्याला काहीच आठवत नाही. बसवंत म्हणतो, खालून ‘सरी’ ऐकलं. सरी म्हणजे ठीक आहे, चालू कर. पण ते दुसऱ्या कुणी ऐकलेलं नाही. तेव्हापासून त्याच्यासोबत कामाला जायला कुणी तयार नाही.

“अक्का, माझी माणसं तेवढी परत एक करून द्या,” श्रीधरराव म्हणाले. “स्वल्प वेळ लागला तरी चालेल.”

११ जानेवारी, शनिवार

पहिली बैठक. सगळ्यांना गोल बसवलं. गोल कसला — बसवंतच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. कन्नड-हिंदीत चाललं. माझं कन्नड अडलं की पवित्रा समजावते. ऑफिसात फोन घेऊन माणसं कामावर पाठवते, ती. फत्तेसिंग, संतोषकुमारचा नेहमीचा जोडीदार, सारा वेळ जमिनीकडे बघत होता. उठताना एवढंच म्हणाला, “हा वर असेल तर मी खड्ड्यात उतरणार नाही.”



१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. पवित्राने ऑफिसात एळ्ळू-बेल्ला, म्हणजे इथला तिळगूळ, वाटलं. बसवंतने हात पुढे केला नाही की तिनेच दिलं नाही, मला कळलं नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

बसवंतशी एकट्याशी बोलले. मूळचा निपाणीचा, माझ्याशी मराठीत बोलतो. पन्नाशीचा असेल. चहा गार झाला तरी कप हातातच.

“पहिल्यांदा मला पक्कं ठाऊक होतं, मॅडम. कानांनी ऐकलं होतं. आता रोज सगळ्यांची तोंडं बघून वाटतंय, भास झाला असंल.”

मी म्हटलं, नक्की काय घडलं ते कदाचित कधीच कळणार नाही. टीम सांधायची तर कुणीतरी आधी बोलायला हवं.

“म्हणजे मी,” तो म्हणाला.

मी नाही म्हटलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

आज सगळे जरा सैल झाले. प्रत्येकाला विचारलं — कामावर असताना भीती कधी वाटते? आधी हसले. मग फत्तेसिंगच बोलला: खड्ड्यात उतरलं की वरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, नुसता आवाज येतो, आणि सगळा जीव त्या आवाजावर. 

नवा नियम त्यांनीच केला — खालचा माणूस बाहेर येऊन समोर उभा राहीपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. मी फक्त फळ्यावर लिहिलं. असं झालं की काम जमतंय असं समजायचं.

२५ जानेवारी, शनिवार

बसवंत आपणहून उभा राहिला. कन्नडमध्ये बोलला. यावेळी पवित्राने समजावून सांगायची गरज पडली नाही. “मी चुकीचं ऐकलं. माझ्यामुळे झालं. मला माफ करा.”

 मग फत्तेसिंग उठला, खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसला. पवित्रा रडली. दारात उभे असलेले श्रीधरराव चष्मा पुसत होते. “अक्का, इतके आठवडे मला जमलं नाही ते तुम्ही केलंत.”

बसमधून जे. पी. नगरला येताना मन शांत होतं. निघताना बसवंतचे आभार मानले, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. थकला असेल.

२९ जानेवारी, बुधवार

पवित्राचा मेसेज: फत्तेसिंग आज बसवंतसोबत गेला, खड्ड्यात उतरला, काम नीट झालं. दोघे जेवलेही एकत्र.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी पवित्राचा फोन. काल ती संतोषकुमारला बघायला दवाखान्यात गेली होती. त्याची बायको शिल्पाश्री बोलता बोलता म्हणाली, त्या दिवशी अपघाताच्या आधीचा शेवटचा फोन तिचाच. मुलीला शाळेतून आणाल का, एवढंच विचारलं. खड्ड्यात आहे, असं सांगून तो मोठ्याने “सरी, सरी” म्हणाला, आणि तिने फोन ठेवला. आजवर हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

मीही विचारलं नव्हतं.

बसवंतला फोन लावला. जसंच्या तसं सांगितलं. 

मग तो म्हणाला, “मॅडम, मग मी माफी कशाची मागितली?”