कपाटाला तोंड नसतं

४ सप्टेंबर

नाटक करायचं म्हणे! ह्या वयात, आणि तेही स्पीच थेरपीच्या वर्गात! अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ह्यांची वाचा गेली. ती परत आणायला आम्ही तिथे जातो, पोरखेळ करायला नाही. तोंडावर सांगितलं. शिकवणारी मुलगी — माझ्या शाळेतल्या शेवटच्या बॅचपेक्षा फार मोठी नसेल — हसून म्हणाली, "काकू, हसताना जीभ सैल सुटते."

मी मुख्याध्यापिका असताना असली उत्तरं ऐकून घेत नसे.

विनोदी नाटकातला एकच प्रवेश. घरमालकाने सडाफटिंग म्हणून एकाला खोली दिलेली, त्याने गुपचूप लग्न उरकलेलं. मालक तपासायला येतो, नवरा बायकोला कपाटात कोंबतो. नवरा हे. बायको मी. मालक म्हणजे वर्गातले बस ड्रायव्हर. आजारानंतर त्यांच्याकडे एकच शब्द उरला आहे — "बरोबर". चिडले तरी बरोबर, पाणी हवं असलं तरी बरोबर. मुलीने मालकाचे सगळे संवाद तेवढ्याच शब्दात बसवलेत. हुशार आहे, हे मान्य.

मला एक वाक्य. तेही अगदी शेवटी.

७ सप्टेंबर

स्वयंपाकघरात तालीम. ह्यांचं मुख्य वाक्य — "मी इथे एकटाच राहतो." 'मी इथे'पर्यंत गाडी रुळावर. मग "ए... ए..." आणि कपाळावर घाम. मला बघवत नाही. "एकटाच!" सांगून टाकते. हे मान हलवतात. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच.

हाच माणूस कापड दुकानात उभा राहिला की गिऱ्हाईक रुमाल घ्यायला यायचं आणि पडदे घेऊन जायचं!

८ सप्टेंबर

लेकीचा फोन. "आई, बाबांना दे." म्हटलं, बरे आहेत, जेवले, गोळी घेतली. "तुला कुठे विचारलं? त्यांना दे ना!" दिला. हे अं-अं करत राहिले. मी बाजूने, "गुडघ्याचं सांगा, गुडघ्याचं!" ह्यांनी फोन माझ्या हातात ठेवला आणि गॅलरीत जाऊन बसले.

लेक म्हणते, "आई, आता तरी विंगेतून बाहेर ये."

शाळेच्या नाटकांना मी दरवर्षी विंगेत पुस्तक घेऊन उभी असे. माझ्या एकाही मुलीचं वाक्य कधी पडलं नाही. हा काय टोमणा मारायचा विषय आहे?

११ सप्टेंबर

शोभा झाली!

वर्गातली तालीम. कपाट म्हणजे फ्रिजचं रिकामं खोकं, वरून तपकिरी रंग. मी आत. ड्रायव्हर खोलीभर संशयाने फिरले — "बरोबर? बरोबर??" काम छान करतात. मग ह्यांचं वाक्य. "मी इथे ए... ए..."

आणि कपाट आतून ओरडलं, "एकटाच!"

वर्ग फुटला. ड्रायव्हरची सून डोळे पुसत म्हणाली, "अहो, कपाटच साक्ष देतंय!" ड्रायव्हर खोक्याकडे बोट करून, "बरोबर! बरोबर!" आणि हे हसत होते. खोक्याच्या फटीतून दिसलं — खांदे गदागदा हलवत, पूर्वी हसायचे तसे. आजारानंतर आज पहिल्यांदा. म्हणून मी बाहेर येऊन कुणाला झापलं नाही.

निघताना शिकवणाऱ्या मुलीने गाठलं. "काकू, कपाटाला तोंड नसतं."

"आणि हे अडले तर?"

"अडू देत."

"चार लोकांसमोर?"

"घरी तुम्ही अडू देता का?"

उद्धट कार्टी!

१४ सप्टेंबर

हे आरशासमोर उभे राहून ओठ हलवत होते. मी दारातूनच मागे फिरले. नको असलेली भाजी घेऊन आले.

१८ सप्टेंबर

प्रयोग झाला. बघायला सगळ्यांच्या घरची माणसं. आमची लेकही.

"मी इथे ए..."

थांबले. खोक्यात काळोख, रंगाचा उग्र वास. शब्द माझ्या दातांपर्यंत आला. पदराचा बोळा तोंडात कोंबला. बाहेर कुणाची तरी खुर्ची करकरली. कुणी खाकरलं. मनात म्हटलं, आता हे खाली मान घालून जागेवर जाऊन बसणार, आणि पुन्हा ह्या वर्गाची पायरी चढणार नाहीत. आणि मी इथे कोंबडीसारखी खोक्यात!

तेवढ्यात ड्रायव्हर, मालकाचा रुबाब विसरून, अगदी हळू म्हणाले, "बरोबर... बरोबर..." घाबरलेल्या मुलाला थोपटावं तसं.

"एक... टाच," ह्यांचा आवाज आला. "एकटाच. एकटाच राहतो!" तिसऱ्यांदा तर थेट दुकानातला सूर!

टाळ्या! मग ड्रायव्हरनी खोकं उघडलं. मी बाहेर यायचं आणि म्हणायचं, "मालक, मला फर्निचरमध्ये धरा!" मी बाहेर आले. समोर लेक रडतेय, पदर ओला, डोकं रिकामं. वाक्य कुठे गेलं कुणास ठाऊक!

हे माझ्याकडे वाकले. "फर... फर्निचर."

इतक्या वर्षांत एक वाक्य पडलं, ते माझं!

२५ सप्टेंबर

वर्गाचा दिवस. पर्स घेतली, चपला घातल्या. हे दारात उभे. माझ्या हातातून पर्स काढून घेतली, खुंटीला अडकवली.

"आज... एकटाच. एकटाच जातो."

बस कुठली, उतरायचं कुठे, कंडक्टरला काय सांगायचं — सगळं जिभेवर आलं.

"बरोबर," मी म्हटलं.