माझ्या सहीचं भवन

आबा, अंबाजोगाईच्या उतारावरचं सांस्कृतिक भवन बांधून झालं. मागच्या महिन्यात उद्घाटनही झालं. दर्शनी भिंतीवर काळ्या दगडात आर्किटेक्ट म्हणून माझं नाव कोरलंय. ते खरंही आहे आणि खोटंही. नकाशा मी काढला होता, पण उभं राहिलं ते माझ्या नकाशातलं नाही. तरी त्यावर सही माझीच आहे.

मला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही पेढे आणले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला एसटीत बसवलंत आणि धर्मापुरीला नेलंत. जुन्या देवळाच्या जोत्यापाशी तुम्ही उकिडवे बसलाय, तळहात दगडावर फिरवताय आणि माझ्याकडे न बघता बोलताय, "आधी पानी बघायचं. कुटून येतंय, कुटं जातंय. मग दगडाला हात लावायचा." मी विचारते, "आणि देऊळ?" तुम्ही म्हणता, "देऊळ मागनं. जिमीन आधीची हाय, आपन मागनं आलोत." कॉलेजात पुढं पाच वर्षं मला हेच शिकवलं, फक्त जाड पुस्तकांतून. पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर काढलेला उतार बघून मला तुमचा तळहात आठवला होता. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तेव्हा आपण नीट बोलतच नव्हतो.

कारण तुम्हालाही ठाऊक होतं. मी दहावीत असताना तुम्ही डोंगराच्या पायथ्याला शाळेची संरक्षक भिंत बांधत होता. इंजिनिअरनं ती नेमकी ओघळीवर आडवी धरली होती. तुम्ही घरी आलात, आईनं ताट वाढलं, आणि पहिला घास हातात धरून तुम्ही म्हणालात, "भिंत पडंल ती." मी विचारलं, "मग सांगितलं कावून न्हाई?" तुम्ही म्हणालात, "साहेबाला कोन सांगनार? नकाशा त्येंचा, हात आपले." दुसऱ्या पावसाळ्यात भिंत पडली. चौकशीत साहेबांनी बांधणी कच्ची म्हणून सांगितलं आणि तुम्ही चार माणसांत मान खाली घालून म्हणालात, "चुकलं माजं." दोन वर्षं गावात तुम्हाला कुणी काम दिलं नाही. तुम्ही लातूरकडं जाऊन राहिलात, घरी अधूनमधूनच यायचात. जाण्याच्या दिवशी तुम्ही मोरीत हातपाय धूत होता आणि मी मागून म्हणाले, "तुम्ही भित्रे आहात." तुम्ही वळला नाहीत. पाणी ओतत राहिलात. नकाशा आपला असला पाहिजे, हे मी त्या दिवशी ठरवलं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही कायमचेच गेलात, आणि तो शब्द मागे घ्यायचा राहिला.

इतक्या वर्षांनी नकाशा खरंच माझा झाला. भवनाची जागा बघायला मी भर उन्हात चार दिवस त्या उतारावर फिरले. सीताफळाची झुडपं, दोन जुने कडुनिंब, मधून पावसाळी ओघळ. मी भवन तीन टप्प्यांत खाली उतरवलं. प्रेक्षकांच्या पायऱ्या उताराच्याच घेतल्या, दगड तिथलाच काळा, आणि छप्पर इतकं खाली की रस्त्यावरून डोंगराची रेघ कुठं तुटू नये. ओघळ मध्ये उघडी ठेवली, तिच्यावर लहानसा पूल. भवनाच्या समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी नकाशा फिरवून फिरवून पाहिला. "लई भारी हाय मॅडम. पन रस्त्यावरून काय दिसतंय?"

"डोंगर दिसतो," मी म्हणाले.

"डोंगर तर आमी जन्मापासून बघतोय," ते म्हणाले, आणि सगळे हसले. त्यांना पुढं काच हवी होती, वर घुमट हवा होता, आणि त्यासाठी सपाट जागा हवी होती. मी दोन बैठका भांडले. तिसऱ्या बैठकीत अध्यक्ष अगदी मायेनं म्हणाले, "तुमच्या वडलांनी ह्या गावात किती घरं बांधली. कदी कुनाला न्हाई म्हनले न्हाईत. तुमी त्यांच्याच लेक ना?" माझ्या जागी यायला बीडचा दुसरा आर्किटेक्ट तयारच होता. आत राहिले तर निदान कडुनिंब तरी वाचतील, असं मी स्वतःला समजावलं आणि बदललेल्या नकाशावर सही केली. आठवड्याभरात जेसीबीनं उतार कापून टाकला. ओघळ पाइपात गेली. कडुनिंबही गेले.

कामावरचे मिस्त्री परळीचे होते, साठीकडं झुकलेले, सगळे त्यांना चाचा म्हणत. मागच्या भिंतीचा नकाशा घेऊन ते माझ्याकडं आले. "मॅडम, डोंगराचं सगळं पानी इथंच येनार. पाइप पुरनार न्हाई. भिंतीला पानी निघायला भोकं तरी ठिवू द्या." मला ते दिसत नव्हतं असं नाही. पण भोकं ठेवायची तर नकाशा पुन्हा समितीपुढं न्यावा लागला असता, आणि मी थकले होते. म्हणाले, "नकाशात आहे तसं करा."

पावसाळ्यात पाण्यानं मागची भिंत फुगली, तिला पोट आलं. रंगमंचामागच्या खोल्यांत गुडघाभर चिखल. बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, चूक कुणाची. चाचा दाराशी उभे होते. मी म्हणाले, "ड्रॉइंगमध्ये चूक नाही. बांधकामात झाली असेल."

चाचांनी मान खाली घातली नाही, आबा. सरळ माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, मी तुमाला सांगितलं होतं. याद हाय ना?"

मी म्हणाले, "मला आठवत नाही."

त्यांनी बाहेर जाऊन चपला घातल्या आणि ते निघून गेले. नंतर कळलं, त्यांना आता आसपासचं कुणी कामावर घेत नाही. तुम्ही भ्यालात तेव्हा दोष स्वतःच्या अंगावर घेतला होता. मी भ्याले तेव्हा तो दुसऱ्याच्या अंगावर टाकला. तुम्हाला जो शब्द बोलले, तो मला लावला तर मी फार स्वस्तात सुटेन.

भिंत पाडून नवी बांधली, या वेळी भोकांसकट. उद्घाटनाला माइकवरच्या माणसानं 'निसर्गाच्या कुशीतली वास्तू' असं म्हटलं, तेव्हा मी वर बघितलं. काचेत नुसतं आभाळ आणि समोरचं पार्किंग दिसत होतं. मग माझं नाव पुकारलं. शाल अंगावर पडली, टाळ्या वाजल्या, आणि मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

हे पत्र कुठं पोचणार नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. तुम्ही असता तर मी फोन करून कार्यक्रम छान झाला म्हणून सांगितलं असतं, शालीचा फोटो पाठवला असता, आणि चाचांबद्दल अवाक्षर काढलं नसतं.